कोरडे कपडे

सोमवारी सकाळी साडेनऊला पोलिसांची गाडी शवागाराच्या मागच्या दाराशी लागली. दोन मृतदेह उतरवले. सोबत हवालदार, त्यांच्या हातात पंचनाम्याचे कागद आणि एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीवर कुठल्याशा कापड दुकानाचं नाव होतं. आत एक निळा शर्ट, एक पँट, चपलांचा जोड आणि तंबाखूची डबी. शर्टाची नीट घडी घातलेली होती.

ही २०१८ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. न्यायवैद्यक शास्त्रात एमडी करायला लागून मला वर्षही झालं नव्हतं. घरी अजून सगळ्यांना वाटायचं, की पोरीला दुसरी ब्रँच मिळाली नाही म्हणून ती इथे गेली. खरं सांगायचं तर थोडं तसंच होतं. पण तोवर मला हे काम आवडायला लागलं होतं. आपल्यासमोर आलेला माणूस खोटं बोलत नाही, असं तेव्हा मी मैत्रिणींना ऐटीत सांगत असे.

त्या पिशवीबद्दल मला लिहायचं आहे. पण त्याआधी मी त्या दिवशी लिहिलेल्या एका ओळीबद्दल सांगायला हवं.

पोलिसांच्या पत्रात मजकूर असा होता: सोसायटीच्या संडासाच्या टाकीजवळ उभा असताना पाय घसरून टाकीत पडला, त्यास वाचविण्यासाठी उतरलेला त्याचा मेहुणाही बेशुद्ध होऊन मयत. पीएमचा फॉर्म आम्ही इंग्रजीत भरतो. त्यात वर ‘हिस्ट्री’ लिहायची जागा असते. मी पत्रातली ओळ इंग्रजीत उतरवली. ‘अलेज्ड हिस्ट्री ऑफ ॲक्सिडेंटल फॉल इन सेप्टिक टँक.’ ‘अलेज्ड’ हा शब्द आधी लावला, की जबाबदारी आपली नाही, असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. शिकवलं म्हणजे सीनियर तसं करायचे, म्हणून आम्हीही.

दहा सेकंदांचं काम होतं ते.

*

शवागारातल्या मामांनी मला लगेच आत जाऊ दिलं नाही. चाळीसएक वर्षांचा अनुभव नव्हता त्यांना, पण पंधरा-सोळा नक्की होता. त्यांनी खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट पंखा सुरू केला आणि म्हणाले, “पाच मिनिटं थांबा मॅडम. टाकीतली बॉडी आहे. वारा खेळू द्या.”

सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. हा हायड्रोजन सल्फाइडचा वास. मैला, गाळ, कुजणारं काहीही हवेशिवाय साठून राहिलं, की जिवाणू हा वायू तयार करतात. तो हवेपेक्षा थोडा जड, म्हणून खोल जागी साठतो. आपलं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तीक्ष्ण आहे. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कमी असला, तरी वास येतो. घात इथेच होतो. प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलं, की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास यायचा थांबतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, की हवा सुधारली.

त्याहून वर गेलं तर फार वेळ मिळत नाही. हा वायू पेशींच्या आत जाऊन प्राणवायू वापरणारं यंत्रच बंद पाडतो. सायनाइड जिथे घाव घालतं, तिथेच. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो घेता येत नाही. समोर वाढलेलं ताट आहे आणि तोंड शिवलेलं, अशी अवस्था. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोनच टक्के, पण विश्रांतीतही तो एकूण प्राणवायूचा पाचवा हिस्सा खातो. म्हणून पहिला तोच कोसळतो. माणूस शिडीवरून खाली पडतो आणि खाली गाळ असतो.

वाऱ्यासाठी थांबलेल्या त्या पाच मिनिटांत मामांनी दोन्ही ट्रॉल्या शेजारी शेजारी लावल्या. पहिला माणूस तिशीतला. अंगावर फक्त अंडरपँट आणि कमरेला करदोडा. दुसरा त्याचा मेहुणा, वयाने लहान. अंगावर टी-शर्ट, जीन्स, पायांत बूट, खिशात मोबाइल. मोबाइल अर्थातच बंद.

मी नियमाप्रमाणे कपड्यांची नोंद केली. ‘पहिला मृतदेह: फक्त अंतर्वस्त्र, गाळाने भरलेलं. शर्ट, पँट, चपला: कोरड्या, स्वच्छ, पोलिसांनी वेगळ्या पिशवीत सादर. दुसरा मृतदेह: पूर्ण कपडे, बूट घातलेले, गाळाने भरलेले.’

ती नोंद आणि वरची ‘फॉल’वाली ओळ यांच्यात दीड पानाचं अंतर होतं. दोन्ही माझ्याच अक्षरात. त्या एकमेकींशी भांडत आहेत, हे माझ्या लक्षात आलं नाही.

*

आमच्या पुस्तकात ‘अस्फिक्सिया’ हा मोठा धडा असतो. परीक्षेला हमखास येणारा. विद्यार्थ्यांना त्यातलं गळ्याभोवतीचं सगळं पाठ असतं, कारण प्रश्न त्यावरच येतात. टाक्या, विहिरी, बंद खोल्या, विषारी वायू हे धड्याच्या शेवटी, दोन-तीन पानांत.

शब्दाची गंमत अशी, की मूळ ग्रीकमध्ये त्याचा श्वासाशी संबंधच नाही. त्याचा अर्थ ‘नाडी न लागणं’. नाडी थांबलेल्या माणसासाठीचा शब्द फिरत फिरत श्वास कोंडलेल्या माणसावर येऊन बसला. म्हणजे नावापासूनच हा शब्द जरा ढिला आहे.

आणि शरीरावरच्या खुणाही ढिल्याच. १८५५ मध्ये ओग्यूस्त तार्दिये या फ्रेंच डॉक्टरांनी गुदमरून मेलेल्या बाळांच्या फुफ्फुसांवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके पाहिले. त्यांना वाटलं, गुदमरल्याचा हा पुरावाच सापडला. आजही आम्ही त्यांना त्यांच्याच नावाने ओळखतो. पुढे तेच ठिपके हृदय बंद पडून गेलेल्यांत दिसले, इतर आजारांत दिसले, काहीच न कोंडलेल्या माणसांतही दिसले. निळसर पडलेले ओठ, पातळ राहिलेलं रक्त, फुगलेले अवयव, या यादीतल्या प्रत्येक खुणेचं हळूहळू तेच झालं. गुदमरण्यात त्या दिसतात, पण दिसल्या म्हणजे गुदमरलाच असं म्हणता येत नाही.

त्या दोघांत मला काय दिसलं? फुफ्फुसं जड, पाण्याने भरलेली. श्वासनलिकेत फेस आणि फेसात बारीक काळा गाळ. म्हणजे गाळात पडले, तेव्हा दोघेही श्वास घेत होते. पहिल्याच्या करदोड्यातला चांदीचा ताईत काळाठिक्कर. चांदीवर सल्फाइडची ही करणी. पण जो माणूस रोज गटारात उतरतो, त्याच्या अंगावरची चांदी तशीही काळी पडतेच. पुस्तकात लिहिलेली मेंदूवरची हिरवट झाक कुठेच नव्हती. ती दरवेळी नसते. सतरा नंबरचा रकाना, म्हणजे जखमांचा, जवळजवळ रिकामा. पहिल्याच्या कोपरावर एक खरचटलं होतं, तेवढंच. आठ-नऊ फूट खोल टाकीच्या अरुंद तोंडातून घसरून, आपटत खाली गेलेल्या माणसाच्या अंगावर एवढंच?

हा प्रश्न आत्ता मी विचारते आहे. त्या दिवशी विचारला नाही. त्या दिवशी मी लिहिलं: ‘मृत्यूचं कारण राखून ठेवलं आहे. व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी पाठवला आहे.’ आणि जेवायला गेले.

*

व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे आणि रक्त. मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून ते प्रयोगशाळेत जातात. कीटकनाशक, दारू, झोपेच्या गोळ्या शोधायला ही पद्धत ठीक आहे. वायूला मात्र ती चालत नाही. वायू असेल, तर रक्त काठोकाठ भरून हवाबंद ठेवावं लागतं, वर लिक्विड पॅराफिनचा थर द्यावा लागतो, लवकर पाठवावं लागतं आणि कशासाठी तपासायचं ते पत्रात स्पष्ट लिहावं लागतं. प्रयोगशाळेला जे विचारलं नाही, ते ती शोधत बसत नाही. शिवाय सल्फाइड शरीरात फार टिकत नाही. त्याचं थायोसल्फेट होतं, तेच शोधणं शहाणपणाचं असतं. त्यात आणखी एक पेच. शरीर कुजायला लागलं, की सल्फाइड आपोआपच तयार होतं. म्हणजे उशीर केला तर ‘नाही’ या उत्तरालाही अर्थ नाही आणि ‘आहे’ला पण नाही.

मी यातलं काही केलं नव्हतं. नेहमीच्या बरण्या, नेहमीचं पत्र.

सात महिन्यांनी रिपोर्ट आला. ‘सामान्य व विशिष्ट रासायनिक तपासणीत कोणतेही विष आढळून आले नाही.’ दोघांचाही.

हा रिपोर्ट ठेकेदाराच्या हाती कसा लागला, कोण जाणे. पण तोवर गोष्ट तयार झाली होती. टाकीत वायू नव्हता. कुणी कुणाला उतरवलं नव्हतं. माणूस कडेला उभा होता, बहुतेक प्यालेला असेल, पाय घसरला. डॉक्टरांनीच तसं लिहिलंय.

हे सगळं मला त्याच्या बायकोकडून कळलं.

*

ती पहिल्यांदा आली, तेव्हा मला वाटलं, मृत्यूच्या दाखल्यासाठी आली असेल. नातेवाईक बहुतेक त्यासाठीच येतात. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात. बाईंनी पदरातून कागदांची घडी काढली. माझ्याच रिपोर्टची झेरॉक्स. इतक्या वेळा उलगडलेली, की घडीच्या रेषेवर अक्षरं पुसली होती.

“मॅडम, वकिलांनी विचारलंय, तुम्ही ते पाय घसरून का लिहिलं?”

मी म्हटलं, “ताई, ते पोलिसांनी सांगितलं तसं लिहिलंय. ते माझं मत नाही.”

“मग तुमचं मत कुठाय?”

मी तिला कारणाच्या रकान्यातली ‘राखून ठेवलं आहे’ ही ओळ दाखवली. तिने ती पाहिली. मग म्हणाली, “माझा भाऊ बुटासकट गेला. नवरा कपडे काढून गेला. पडणारा माणूस कपडे काढून, घडी घालून, पिशवीत ठेवून पडतो का?”

दुसरा, लहान मेहुणा, तो तिचा भाऊ होता. एका दिवसात दोघं गेले. आणि ज्यासाठी मला साडेपाच वर्षांचं एमबीबीएस आणि वर एमडी करावं लागत होतं, ते तिने कपड्यांवरून एका वाक्यात सांगितलं. एक काम करायला उतरला होता, म्हणून कपडे वाचवले. घरी जाताना तेच घालायचे होते. दुसरा कपडे काढायला थांबला नाही.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला बसवलं आणि विभागातल्या मॅडमना बोलावून आणलं.

*

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. त्यांनी दोन्ही रिपोर्ट वाचले आणि विचारलं, “जागेवर गेली होतीस?”

“नाही मॅडम.”

“पोलिसांना काही विचारलंस? टाकी किती खोल, झाकण किती मोठं, आत किती गाळ, बाहेर बादली-दोर होता का?”

“नाही.”

“मग अस्फिक्सिया कुठून काढणार होतीस? फुफ्फुसातून?” त्या थोडं थांबल्या. “अगं, श्वास शेवटी सगळ्यांचाच थांबतो. तो कशाने थांबला, हे यात निम्म्या वेळा शरीरावर नसतं. ते जागेवर असतं. हिस्ट्री उतरवून घ्यायची नसते, विचारायची असते.”

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पोलिसांना पत्र देऊन त्या सोसायटीत गेलो. शहराच्या कडेला नव्याने वाढलेला भाग. इमारती सात मजल्यांच्या, पण गटाराची लाइन अजून पोचलेली नाही, म्हणून प्रत्येक सोसायटीची स्वतःची टाकी. पार्किंगच्या कोपऱ्यात सिमेंटचं झाकण होतं. उचलायला दोन माणसं लागली. तोंड एवढं अरुंद, की माणूस खांदे आवळूनच आत जाईल. उभ्या उभ्या पाय घसरून त्यातून सरळ खाली जायचं, तर आधी कुणीतरी ते झाकण बाजूला केलेलं हवं आणि दोन्ही हात अंगाशी धरलेले हवेत. वॉचमनने विचारल्याशिवाय सांगितलं, की बादल्या आणि दोर त्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस घेऊन गेला.

परत येताना मॅडम म्हणाल्या, “आता लिही.”

आम्ही अंतिम मत दोन पानांचं दिलं. टाकीचं माप, झाकण, तोंडाची रुंदी, जखमांचा अभाव, कपड्यांची स्थिती, श्वासनलिकेतला गाळ. आणि शेवटी: बंद टाकीतले विषारी वायू व प्राणवायूचा अभाव यांमुळे बेशुद्ध होऊन, गाळ श्वासमार्गात जाऊन गुदमरल्याने मृत्यू. रासायनिक तपासणीत विष न आढळणं याचा अर्थ वायू नव्हता असा होत नाही, कारण त्यासाठी योग्य प्रकारे नमुने घेतले गेले नव्हते. हे शेवटचं वाक्य मॅडमनी सांगितलं आणि मी लिहिलं. स्वतःची चूक सरकारी कागदावर लिहायची ती माझी पहिली वेळ.

*

पाय घसरून पडणं आणि उतरवला जाणं यात एवढा काय फरक, असं कुणी विचारेल. माणूस तर गेलाच.

२०१३ चा कायदा आहे, हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा. त्याच्या सातव्या कलमानुसार, संरक्षणाशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकची धोकादायक सफाई कुणाकडूनही करून घेता येत नाही. करून घेतली, तर पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ही रक्कम तीस लाख झाली. खासगी सोसायटीच्या टाकीत मेला तर सरकारचा काय संबंध, या प्रश्नाचं उत्तरही मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलं. मुंबईतल्या एका सोसायटीच्या टाकीत गेलेल्या तिघांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख देण्याचा आदेश सरकारी यंत्रणेलाच झाला.

पण हे सगळं मिळतं ते सफाई करताना मेलेल्या माणसाच्या घरच्यांना. पाय घसरून पडलेल्याच्या नाही. माझ्या दहा सेकंदांच्या ओळीने तो माणूस कामगाराचा वाटसरू झाला होता.

मराठीत आपण म्हणतो, ‘गुदमरून मेला’. या वाक्यात मरणाराच सगळं करतो. तोच गुदमरतो, तोच मरतो. झाकण उघडणारा, पाचशे रुपये जास्त देतो म्हणणारा, मशीन न मागवणारा, यांपैकी कुणीही त्या वाक्यात येत नाही. आमच्या फॉर्मवरही येत नाही. मृतांची आडनावं मात्र येतात आणि ती वाचली, की कुठल्या वस्त्यांतली माणसं या टाक्यांत उतरतात, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या आडनावाचा माणूस टाकीतून निघून आमच्या टेबलावर आलेला मी अजून पाहिलेला नाही.

*

माझी साक्ष २०२२ मध्ये झाली. बचावाच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, “डॉक्टर, ॲक्सिडेंटल फॉल हे तुमच्याच अक्षरात आहे ना?”

“हो.”

“म्हणजे तो पडला.”

“तसं मला सांगितलं गेलं. मी पाहिलं, ते पुढच्या पानावर कपड्यांच्या नोंदीत आहे.”

न्यायाधीशांनी पान उलटलं. ती नोंद त्यांनी मोठ्याने वाचायला लावली. कोर्टात मागे ती बसली होती, मुलगी आता तेरा वर्षांची. मी वाचत असताना तिकडे पाहिलं नाही.

नुकसानभरपाईचे पैसे तिला मिळाले, उशिरा आणि दोन टप्प्यांत. तिच्या भावाचं प्रकरण मात्र अडकलं. तो कामावर नव्हता ना. तो फक्त जेवणाचा डबा द्यायला आला होता. फौजदारी खटला मी हे लिहिते आहे तोवर संपलेला नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात गटारात मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा आणि झुरळं बाहेर येतात का बघायचा. आली, तर आत हवा आहे. मी तो सिनेमा कॉलेजात असताना पाहिला होता आणि सगळे हळहळले तशी मीही हळहळले होते. साक्षीनंतर पुन्हा पाहिला. तेव्हा डोक्यात एकच गोष्ट आली. ती युक्तीही वाचवत नाही. वरची हवा ठीक असते, झुरळंही जिवंत असतात. माणूस उतरतो, फावडं गाळात घालतो आणि गाळाखाली अडकलेला वायू एकदम सुटतो. काडी पेटवून बघणं तर त्याहून वाईट, कारण टाकीत मिथेनही असतो.

*

या सगळ्यात मला सर्वात जास्त आठवतो तो दुसरा माणूस. बुटासकट गेलेला.

अशा मृत्यूंत तो जवळजवळ नेहमी असतो. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ मध्येच एक इशारा छापला होता. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंत साठ टक्क्यांहून अधिक मृत हे वाचवायला गेलेले असतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत शेण-मैल्याची स्लरी साठवलेली होती. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना, म्हणून दुसरा. मग तिसरा. पाच जण गेले. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, तो वाचला.

त्या बातमीखाली लोक लिहीत होते, की एका मांजरासाठी पाच जीव? मला तसं वाटत नाही. पहिला मांजरासाठी गेला असेल. बाकीचे माणसासाठी गेले. आत आपला माणूस पडलेला दिसतो आहे, हाक मारली तर बोलत नाही, आणि अंतर फक्त आठ फूट. अशा वेळी न उतरणं हे अमानुष वाटतं. आणि करायचं नेमकं तेच असतं. उतरायचं नाही. ११२ किंवा १०१ ला फोन करायचा, दोर-हूक असेल तर वरूनच ओढायचं, जमल्यास पंख्याने आत हवा सोडायची. आत जायचं ते फक्त स्वतःची हवा पाठीवर घेऊन आणि कमरेचा दोर वरच्या माणसाच्या हातात देऊन. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क इथे काहीच करत नाही. हे वाक्य शाळेत आगीच्या ड्रिलसारखं पाठ करून घ्यायला हवं. त्या मुलाला कुणी सांगितलं असतं, तर तो आज डबा देऊन घरी गेलेला असता.

*

आता मी शिकवते. अस्फिक्सियाच्या पहिल्या तासाला फळ्यावर रोगलक्षणं लिहीत नाही. दोन कपड्यांच्या नोंदी लिहिते आणि मुलांना विचारते, काय झालं असेल? दहा-पंधरा मिनिटांत कुणीतरी बरोबर सांगतं. मग त्यांना मी माझी ‘फॉल’ची ओळ दाखवते. नाव झाकून. ओळ कुणाची, तेही सांगते.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. रविवारी टाकी साफ होणार, पाणी जपून वापरा. मी सेक्रेटरींना फोन करून विचारलं, कशी करणार? ते म्हणाले, “सक्शनची गाडी सांगितलीय मॅडम, काळजी नको.” तरी मी खाली गेले. गाडी खरंच आली होती. पाइप टाकला, दोन तास मशीन चाललं. मग ते बंद झालं. ड्रायव्हर म्हणाला, तळाचा गाळ घट्ट आहे, ओढला जात नाही. त्याच्यासोबत विशीतला एक मुलगा होता. त्याने कुणी काही न सांगता खिशातला मोबाइल काढून गाडीच्या बोनेटवर ठेवला आणि शर्टाची बटणं सोडायला लागला.

“शर्ट काढू नको,” मी म्हटलं.

तो गोंधळला. “दोन मिनटांचं काम आहे मॅडम. नेहमी करतो.”

सेक्रेटरी म्हणाले, “अहो, ती पोरं सवयीची आहेत.”

मी तिथेच झाकणाशेजारी उभी राहिले. जरा वादावादी झाली. पाण्याचा जोरदार फवारा मारून गाळ सैल करता येतो, पण त्यासाठी दुसरी गाडी लागते आणि गाडीचे पैसे जास्त. कमिटीतल्या एका काकांनी विचारलं, हे जास्तीचे पैसे कोण देणार? मी म्हटलं, सगळे मिळून. प्रत्येक घरामागे दीडशे रुपयेही नव्हते. शेवटी दुसरी गाडी बुधवारी यायचं ठरलं.

तोवर तो मुलगा बटणं पुन्हा लावून बोनेटवर बसला होता, मोबाइलवर काहीतरी बघत. गाडी निघताना मी त्याला विचारलं, आजवर किती टाक्यांत उतरलास?

“मोजल्या नाहीत,” तो म्हणाला, आणि खिडकीची काच वर केली.